गुडघ्याएवढा ट्रायपॉड

"हा बघा बेन, पार साडेसहा फुटांपर्यंत वर जातो!" भुजचा दुकानदार ट्रायपॉडचे पाय ताणत म्हणाला. "उंची राहू द्या भाई, खाली किती बसतो ते दाखवा." मी म्हणाले. गेले तीन दिवस मी रबारी पशुपालकांच्या वस्तीत ऐंशी वर्षांच्या लाछुमांचं भरतकाम चित्रित करत होते. त्या मात्र कमरेपर्यंत घुंघट ओढून आतल्या आत टाके घालत होत्या. "मेला तुझा कॅमेरा थोरल्या दिरासारखा पुढ्यात उभा राहतो," असं त्यांचं म्हणणं; थोरल्या दिरापुढे तोंड झाकायची तिथली रीत. शेवटी दुकानातला सर्वांत बुटका, गुडघ्याएवढा ट्रायपॉड मी घेतला. दुसऱ्या दिवशी तो लाछुमांसमोर जमिनीवर मांडला. त्यांनी आतून अंदाज घेतला आणि दोन बोटांनी घुंघट मागे सारला. मग बोळक्या तोंडानं हसत कॅमेऱ्यालाच म्हणाल्या, "हां, आता कसा नातवासारखा बसलास! बघ, पहिला टाका असा घालायचा."