गाववाल्याची फुलं

धोंडूने गाडीच्या मागच्या दरवाजावरचा झेंडू ओरबाडून काढला आणि खालच्या पोच्यावर बोट ठेवलं. पोचा चांगला ताटाएवढा होता.

"ह्यो बघ, वयनी. ह्येचे पैसे कोण देतलो?"

रखमा पोच्याकडे बघतच राहिली. काल याच गाडीतून तिने सून घरी आणली. लालबागच्या चाळीपासून परळच्या कार्यालयापर्यंत आणि तिथून परत, एवढीच गाडी फिरली होती. वाटेत कुठे धक्का नाही, काही नाही. पोच्याच्या कडेला तर गंज चढला होता.

गाडी भाड्याने ठरवली तेव्हा धोंडू म्हणाला होता, फुलांचे पैसे नकोत, ती गाववाल्याकडून भेट. गाडी फुलं बांधूनच दारात आली आणि सगळी चाळ त्याचं कौतुक करत राहिली. आमच्या लोकांची ही खोडच आहे. परक्याची गाडी असती तर चारी बाजूंनी निरखून घेतली असती. गाववाल्याची म्हटल्यावर रखमाने तिला कुंकू लावलं, ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं केलं, फक्त बघायचं राहिलं.

आज सकाळी नवरा-बायको धोंडूच्या गाळ्यावर हिशेब करायला आली तर एकेक नवं निघत गेलं. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. कार्यालयाबाहेर गाडी उभी राहिली, ते वेगळं. गाळ्यापासून चाळीपर्यंत रिकामी आली, तेही वेगळं. ठरवताना यातलं एक अक्षरही कोणी काढलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, लहूने, ते सगळं मुकाट्याने चुकतं केलं. शेवटी निघाला हा पोचा, आणि पोच्यापायी रखमाच्या पाटल्या धोंडूच्या खणात अडकल्या.

पाटल्या अनामत म्हणून ठेवल्या होत्या. गिरणीच्या संपात घरातला बाकीचा डाग न् डाग सराफाकडे गेला. या तेवढ्या तिने पोटाला चिमटा काढून राखल्या होत्या. आज संध्याकाळी पूजा होती. पूजेला बसण्याआधी सासूने सुनेच्या हातात पाटल्या घालायच्या, ही तिच्या घरची रीत. तिच्या सासूने तिच्या हातात घातल्या होत्या, त्याच या.

"गंज चढलो हा त्येका, धोंडू. एका रात्रीत गंज चढता?"

"ता माका सांगू नको. पोच्याचे पैसे भर आणि पाटल्यो घेवन जा."

"तू गाववालो ना रे आमचो?"

"धंद्यात गाववालो नसता, वयनी."

काल होता. फुलं बांधताना चांगला होता.

लहूने तिचा दंड धरला. "चल. शुभकार्यात तंटो नको."

धोंडूचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला होता. लग्नघरातलं माणूस भांडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि लहू तरी कोण? गिरणीच्या गेटावर दीड वर्ष घसा फोडून घोषणा देणारा माणूस. इथे एका गाळ्यात त्याला आवाज फुटेना. रखमाला धोंडूपेक्षा नवऱ्याचाच राग जास्त आला.

तिने हात सोडवून घेतला आणि बाहेर आली. गाळ्याच्या तोंडाशी दुसरी गाडी सजून उभी होती. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा, गाडीपुढे त्याची आई शेवंता हातात ताट घेऊन ओवाळत होती, आणि वऱ्हाड कौतुकाने बघत होतं. फुलं पुढच्या चाकावरच्या पत्र्याला एकाच बाजूला दाट बांधली होती. रखमाने तिथेच हात घातला आणि माळा तोडून खाली टाकल्या. आतला पत्रा चेपलेला होता.

"आवं, अवदसा आठवली का काय तुमाला?" शेवंता म्हणाली. "माज्या पोराच्या लग्नाची गाडी हाय ती."

रखमा गाडीच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"माझ्यो पाटल्यो हातात येयसर ही गाडी हलाची नाय."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. लहू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धोंडू मात्र हसत पुढे आला. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो शुद्ध बोलायचा.

"बघा ताई, ही बाई तुमचा मुहूर्त चुकवतेय. सांगा तुमच्या माणसांना, बाजूला करा हिला."

वऱ्हाडातले दोघे पुढे सरले. शेवंताने त्यांना थांबवलं आणि स्वतः रखमापुढे वाकली.

"उठा बाई, पाया पडते तुमच्या. मुहूर्त टळंल."

रखमाने मान वर केली. "तुमचं काय ठेवून घेतलंय त्याने?"

शेवंताचा हात गळ्याकडे गेला. तिथे मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं.

"बोरमाळ," ती हळूच म्हणाली.

तिने चेपलेला पत्रा पाहिला. मग धोंडूकडे पाहिलं. हातातलं ताट मागच्या बाईकडे दिलं, आणि नवं कोरं लुगडं सावरत तेलकट जमिनीवर रखमाला खेटून बसली.

"आई, उशीर होतोय," गाडीतून मुलगा म्हणाला.

"हू दे," शेवंता म्हणाली. मग धोंडूला म्हणाली, "बाकीची फुलं आता तुज्या हातानं काड."