भिकार लॅपटॉप

नव्याकोऱ्या लॅपटॉपवर जुना गाड्यांच्या शर्यतीचा गेम रखडत चालतो, म्हणून सासरे महिनाभर तो लॅपटॉप आणून देणाऱ्या सुनेवर डाफरत होते. ती एकच सांगायची, "लॅपटॉपच भिकार निघाला, बाबा." शेवटी त्यांनी परस्पर दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

त्याने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. "काका, लॅपटॉप ठणठणीत आहे. कुणीतरी गेमचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणलाय. कुठल्या गाढवाचं काम हे?" त्याने वेग होता तसा करून दिला.

सासऱ्यांनी आजारपणात लुळा पडलेला उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. गाडी सुटली ती पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली. दुसऱ्यांदाही तिथेच, तिसऱ्यांदाही तिथेच. सून दारात मान खाली घालून उभी होती. दुरुस्तीवाल्याला ते गाढव कोण ते कळलं, आणि दुसरं गाढव कोण तेही.

सासरे स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "कर बाबा पुन्हा निम्मा. आणि काय बिघडलंय ते हिला नीट सांगून जा."

दुरुस्तीवाल्याने वेग निम्म्यावर आणला. "लॅपटॉप भिकार आहे, ताई."

"तरी मी म्हणतच होते, बाबा."