चुलीवरचा फाटा

"कामाचा माणूस राह्यलाच नाई आता," देवराव चहाच्या कपात तोंड घालून पुटपुटला.

ऐकायला घरात त्याची बायको रुखमा सोडून कोणी नव्हतं, आणि तिला हे सगळं क्रमानं पाठ होतं. आधी पंखेवाला, जो चामोर्शीहून तीन दिवस नुसता निघतच होता. मग नळवाला, जो पाना विसरला म्हणून गेला आणि तो पाना बहुतेक नागपूरला राहिला असावा. शेवटी कवेलू फेरणारे, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं काढून नीट बसवणारे. तिथं आलं की देवराव थांबायचा, आणि रुखमा उठून काहीतरी आवरायला लागायची.

आजही ती उठली. सकाळीच माकडांनी छपरावरून आंब्यावर उड्या घेताना आणखी चार कवेलू फोडले होते. खापऱ्या वेचता वेचता तिनं जमिनीवर पडलेले उन्हाचे ठिपके मोजले. सतरा. मागच्या आठवड्यात अकरा होते. मृग पंधरा दिवसांवर आला होता, आणि मागच्या साली जे छप्पर अर्धं फेरून राहिलं होतं ते अजून तसंच अर्धं होतं.

गावात फेरणारे तिघं. एकाला म्हणे सूरजागडच्या खाणीच्या गाड्यांवर जायचं होतं, दुसऱ्याचा फोन लागत नव्हता, आणि तिसऱ्याची कंबर धरली होती. कंबर धरलेल्यानं परवाच भागीरथाबाईचं घर फेरलं, तेही गाणं म्हणत. रुखमानं ते दारातून पाहिलं आणि देवरावला सांगितलं नाही. देवरावनंही पाहिलं होतं. त्यानंही तिला सांगितलं नाही.

शेवटी देवरावनं बाजारात निकेशला गाठलं. नदीपलीकडचा फेरणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दहाला येतो म्हणाला आणि दहाला आला. देवराव इतका हरखला की खाट त्यानं स्वतः बाहेर टाकली, चहात साखर कमी तर नाही ना, हेही विचारलं.

चहा पिता पिता निकेश छपराकडे पाहत होता. मागल्या साली या घरावरून एक माणूस पडला असं बाजारात कोणी बोललं, ते खरं का, त्यानं विचारलं.

"सुकलू," देवराव म्हणाला. "पिऊन चढला होता. कोण काय करन?"

हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की आता जीभ अडखळत नव्हती. सुकलूची मांडी मोडली ती नीट बसलीच नाही. हल्ली तो दारात खाटेवर दोऱ्या वळत असतो, आणि रुखमा हातपंपावर जायला लांबची वाट धरते. एकदा चुकून जवळच्या वाटेनं गेली, तर त्यानंच हाक मारून बरी हायेस ना बाई, असं विचारलं. पडलो तो माझाच पाय घसरला असन, एवढंच तो सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी तिला भरलेला हंडा उचलेना.

निकेशनं शिडी लावली. चप्पल काढली, कमरेला दोर बांधला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, मान खाली घालून उभा राहिला. हा त्या कामाचा रिवाजच. छपराखाली दिवसभर असते ती घरची बाई. उन्हानं लाकूड तापलं की कवेलूखालचा कोणता फाटा, कोणता वासा कडकड वाजतो, हे घरधन्याला नाही, तिला ठाऊक. ती सांगेल त्या जागी फेरणारा पाय देत नाही. आणि तिला विचारल्याशिवाय कोणी चढत नाही.

"बाई, कोणता फाटा वाजते?"

"एकबी नाई," बाहेरून देवराव म्हणाला. "सागाचे हाय सारे. चढ तू बिनधास्त."

निकेश हलला नाही. त्याला उत्तर त्या बाजूनं नको होतं.

रुखमाच्या हातात खापऱ्यांचं टोपलं होतं. खरं सांगितलं तर हा माणूस चप्पल घालून जाईल, आणि याच्यानंतर कोणी यायचं नाही. सुतार शोधा, फाटा बदला, म्हणजे महिना गेला. तोवर पाऊस सरळ चुलीत. हा सगळा हिशेब तिनं मनातल्या मनात केला आणि तिला स्वतःची शिसारी आली, कारण तो तिला फार पटकन जमला होता.

"चुलीवरचा वाजते," ती म्हणाली. "वाळवी लागली त्याले. बाजूचा तर मोडलाच हाय, बांबू बांधून ठेवला."

निकेशनं वर पाहिलं, आणि हळूच कमरेचा दोर सोडायला लागला.

देवराव आत आला. हसत म्हणाला, हिचं काय मनावर घेतोस, हिले कमी ऐकू येते. निकेश दोर सोडतच राहिला. मग तो रुखमाकडे पाहायला लागला. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचे सगळे डोळे पाहिले होते, वटारलेले, झाकलेले, भाताच्या उफणणीत लाल झालेले. असे विनवणारे नव्हते पाहिले.

तिनं टोपलं खाली ठेवलं.

"मागच्या सालीबी मले ऐकू आलं होतं," ती निकेशला म्हणाली, पण पाहत राहिली नवऱ्याकडे. "सुकलूभाऊनं इथीच उभं राहून विचारलं. चार दिवसांनी पोरीले पाहाले पाहुणे येनार होते. ह्यायनं म्हटलं, एकबी वाजत नाई. अन् मी चूप राह्यली. सुकलूभाऊ पिऊन नव्हता."