खंडेनवमीची तलवार

आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर तलवार टांगलेली असते. नवऱ्याच्या आजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईत जपानी अधिकाऱ्याला मारून आणलेली. खंडेनवमीला नवरा तिला कुंकू लावतो. एरवी मी उलट बोलले की ती उतरवून माझ्या ताटाशेजारी ठेवतो आणि म्हणतो, "बोल आता." एकोणीस वर्षं मी गप्प बसले. आज ती खरी असल्याच्या सर्टिफिकेटसाठी आम्ही दुबईतल्या जुन्या शस्त्रांच्या जाणकाराकडे गेलो. त्यानं मुठीवरचं कुंकू ब्रशनं झाडलं. खाली कोरलेली चेरीची फुलं निघाली. तो म्हणाला, "है तो जापानी अफसर की. लेकिन परेडवाली. ऊपर निकेल का मुलामा है, धार कभी लगी ही नहीं." "तुमको क्या मालूम?" नवरा खवळला. मला म्हणाला, "यल्ला, घरी चल." मी पात्यावर तळहात ठेवून सगळा जोर लावला. नुसता वळ उठला. तलवार त्याच्यापुढे सरकवून म्हटलं, "बोल आता."