दोरीवरच्या चादरी

“आई, वाळलेल्या चादरी भर पावसात दोरीवर कोण टाकतं?” एलिझा करवादली. आईला कायमचं आपल्या फ्लॅटवर न्यायला ती आली होती. भरलेली बॅग दाराशी उभी होती, पण सकाळपासून दोघीही त्या बॅगेचं नाव काढत नव्हत्या.

खाली कालव्याच्या पुलावर छत्र्यांचा घोळका थांबला. गाईड रोजचंच सांगू लागला, “व्हेनिसच्या या गल्लीत आता कुणीच राहत नाही.”

शेवटचा चिमटा लावून म्हातारी लोरेदाना खिडकीबाहेर वाकली.

“वर बघ, मेल्या. मी राहते इथे.”

सगळ्या छत्र्या मागे कलल्या.

मग लेकीकडे न बघताच ती म्हणाली, “तूही ऐकलंस ना? आता ती बॅग उघड. उरलेल्या चादरी त्यातच आहेत.”