न खाणाऱ्या म्हशीची धार

गंगावेशीतला जोतीराम गवळी वैरणीची काडीसुद्धा मोजून टाकायचा. "आत घालशील तेवढंच भाईर येतंय," हे तो धार काढता काढता गिऱ्हाइकांना ऐकवायचा. त्यामुळं बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याच्या म्हशीनं आठ दिवस पेंढीला तोंड लावलं नाही आणि तरी रोज चरवी काठोकाठ भरली, तेव्हा तो आधी खूश झाला, मग विचारात पडला.

"खाल्ल्यालं न्हाई, मग दूध येतंय कुठनं?" त्यानं बायकोला विचारलं.

"माझ्यागत हाय की. न खाता राबती," म्हणत चिमणाबाईनं पदर सावरला.

तिची काकणं घरंगळत कोपरापर्यंत गेली. मागच्याच शनिवारी कासारानं ती साबण लावून, हात दाबून भरली होती.

त्या संध्याकाळी जोतीरामानं धार काढलीच नाही. "म्हस रुसली का तू?" म्हणत गिऱ्हाइकं परतली. तो हात मांडीवर ठेवून समोर बसला. चरवी मात्र सवयीनं म्हशीखाली ठेवली गेली होती.

कुणाचा हात न लागता चरवीत पहिली धार वाजली.

"चिमणे, भाईर ये."

आत फरशीवर एक काकण पडलं. पुन्हा धार वाजली, पुन्हा काकण पडलं. जोतीराम उठायला गेला, तर पायांत उभं राहण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

कासारानं दोन्ही हातांत मिळून चोवीस भरली होती. तेविसावं पडलं, तेव्हा चरवी अजून अर्धीच होती.