निरंक

दयानंद सरांनी चार्ट डॉक्टर मनस्विनींच्या टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी त्याच्या घड्या सरळ केल्या. कंधारहून नांदेडपर्यंत बसमध्ये तो त्यांनी छातीशी धरून आणला होता. त्यांची आठ वर्षांची रुद्राणी आजीच्या मांडीवर डोकं टाकून आली. शनिवारी एक आणि रविवारी एक, असे आकडीचे दोन झटके आले होते पोरीला. त्याआधी सहा महिने एकही नव्हता.

"एकही डोस चुकलेला नाही मॅडम," सर म्हणाले. "रेकॉर्ड समोर आहे."

आणि रेकॉर्ड तरी कसं, बघत राहावं असं! स्केचपेननं आखलेले रकाने. तारीख, सकाळी पाच मिली, रात्री पाच मिली, देणाऱ्याची सही, झटका. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक 'निरंक'. सर शाळेत मुख्याध्यापक. तपासणीला कुणीही येवो, कधीही येवो, सरांचं रजिस्टर तयार. खिचडी अजून चुलीवर रटरटत असायची आणि ती चाखून बघितल्याची सही वहीत केव्हाच वाळलेली असायची. साहेब लोकांना ताटकळत ठेवणं सरांना जमतच नसे.

चार्टची गरज मात्र खरी होती. मागच्या महिन्यात एके सकाळी सरांच्या बायकोनं, लतानं, पोरीला औषध पाजलं. सरांच्या आईला, गौरम्माला, ते ठाऊक नव्हतं. तिनं मायेनं परत पाजलं. रुद्राणी दिवसभर गुंगीत पडली, उठवून बसवलं तर मान टाकायची. घाबरून सगळ्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. मग सरांनी घरातल्याच तिघांची सभा घेऊन नियम केला. जो देईल त्यानं सही करायची. सही दिसली की दुसऱ्यानं बाटलीला हात लावायचा नाही. गौरम्माला सही येत नव्हती, म्हणून तिचं नाव यादीतून कमी झालं. म्हातारीला ते लई लागलं, पण नातीसाठी ती गप बसली.

पहिले दहा-अकरा दिवस छान गेले. अकरा तारखेला, रविवारी, सर चार्ट घेऊन चांगले तासभर बसले. "उद्यापासून शाळेत तपासणी आहे," म्हणाले, "हे एक काम तरी हातावेगळं होऊ दे." बुधवारी गौरम्मा म्हणाली, "दया, बाटली खाली होईना की रे." सर मोबाईलवर शाळेची माहिती भरत होते. मान वर न करता म्हणाले, "आई, सही आहे ना चार्टवर? मग झालं."

डॉक्टरांनी चार्टवर भराभर नजर फिरवली आणि सुस्कारा सोडला.

"रोज बरोबर औषध देऊनही झटके येताहेत, म्हणजे हे औषध आता पुरं पडत नाही. डोस वाढवते. जोडीला दुसरंही सुरू करावं लागेल. ते जरा जड आहे. दर महिन्याला रक्त तपासायचं. पोरगी सुस्त राहील, अभ्यासात मागं पडेल कदाचित."

लतानं पदर तोंडाला लावला. सरांनी रुद्राणीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीवर जीव होता त्यांचा, त्यात खोट नव्हती. दुसऱ्या औषधाचं नाव लिहिता लिहिता डॉक्टरांची नजर पुन्हा चार्टवर गेली.

"सर, शनिवारी इथं खाडाखोड दिसते."

"निरंक होतं मॅडम, ते खोडून 'एक' केलं," सर तत्परतेनं म्हणाले. "बाजूला सही केलेली आहे. नियमानं."

"झटका शनिवारी सकाळी सातला आला ना? मग निरंक कधी लिहिलं होतं?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

गौरम्मानं पिशवीतून औषधाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. बाटलीला मधोमध एक रबर चढवलेलं होतं. "बाई, मला वाचता येत न्हाई. पर गेल्या सोमवारच्याला दवा जितं व्हती तितं म्या ह्ये रबर लावलं. दवा अजून तितंच हाय."

"मी दोन्ही टायमाला बघत होते," लता रडत रडत म्हणाली, "ह्यांचीच सही दिसायची. म्हणलं, ह्यांनी पाजलं आसंल."

डॉक्टरांनी चार्टवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली नेलं. "आज एकोणीस तारीख. पंचवीसच्या रात्रीसुद्धा तुम्ही पाच मिली पाजलंय, सर."

मग त्यांनी दुसऱ्या औषधाच्या नावावर रेघ मारली. "जुनंच औषध, तेवढंच. फक्त ते पोरीच्या पोटात जाऊ द्या."

सर चार्टची घडी घालायला गेले. रुद्राणी उठून बसली. तिनं चार्टचा खालचा कोपरा धरला आणि शाळेत वाचते तशी बोट ठेवून शेवटची ओळ वाचली. पोरीचा चेहरा एकदम फुलला.

"पप्पा, निरंक म्हंजे झटका न्हाई ना? मग आता तीस तारखेपर्यंत मला येणारच न्हाई?"